ओसाड घराचं आडनाव

ओकुतानि, मेइजी वर्ष ८, वसंत

नुइ,

दक्षिणेकडच्या उतारावर बर्फाला भोकं पडायला लागली आहेत. रात्रंदिवस पाण्याचा आवाज येतो. लहानपणी आपण म्हणायचो, डोंगर बोलायला लागला. आता मला कमी ऐकू येतं, तरी तेवढं बोलणं ऐकू येतं.

तुला हसू येईल, पण तुझा भाऊ सध्या गावाला नावं ठेवतो आहे. जन्मभर फुकट ठेवली, आता सरकारच्या हुकमानं. प्रत्येक घराला आडनाव हवं असा दंडक आला, आणि आडनाव म्हणजे काय हे गावात कुणाला ठाऊक? ती चीज तलवारवाल्यांची. आपण आपले देवळाखालचे, पुलावरचे, ओढ्याकाठचे. तेव्हा कुणी मुळे घेऊन, कुणी साकेची बाटली घेऊन सगळे माझ्या ओसरीवर येऊन बसले. माझी शाळा बंद झाल्यापासून एवढी माणसं घरात आली नव्हती.

तुतीच्या शेतापलीकडचे कुवाता झाले. पुलाच्या टोकाचे हाशिझुमे. आपण देवळाखालचे म्हणून तेराशिता. गेन्बेइला मात्र जुन्या सरदाराचंच आडनाव पाहिजे होतं. मी म्हटलं, त्या आडनावाला घोडा लागतो गेन्बेइ, तुझ्याकडे धड कोंबडी नाही. तो रुसून गेला आणि दुसऱ्या दिवशी येऊन हळूच विचारू लागला, "मास्तर, काल मला काय दिलंत?" अर्धं गाव असंच विचारायला आलं.

सगळं संपल्यावर एक घर उरलं. ओढ्याच्या तोंडाशी असलेलं, इतोचं. मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हा बर्फाचा कडा त्यांच्यावर आला. त्यानंतर तिथं चूल पेटलेली नाही. माणूस नाही तर आडनाव कशाला, असं पाटील म्हणाले. पण सगळ्या गावाला नावं मिळाली आणि ते एकटं घर निनावी उभं, हे मला बघवेना. इतो माझ्याबरोबर शाळेत होती, तिनं एकदा ओळी केल्या होत्या, गुरुजींनी त्या भिंतीवर लावल्या होत्या:

वितळल्या बर्फाचं पाणी
कुणाच्या दारावरून जातं
नाव न सांगता

त्या पाण्याला आपल्याकडे युकिशिरो म्हणतात. तेच आडनाव मी त्या घराला दिलं. पाटील म्हणाले, म्हाताऱ्याला चळ लागला. पण यादीत ठेवलं.

तुमच्या रंगाऱ्यांच्या गल्लीत काय नावं निघाली ते कळव.

बुन्झो

नीगाता, मेइजी वर्ष ८, उन्हाळा

दादा,

पत्र नेहमीसारखं हवेपासून सुरू झालं आणि नेहमीसारखं इतोपाशी थांबलं. पन्नाशी उलटून गेली, अजून तिच्या ओळी पाठ आहेत. वहिनीच्या पुण्यतिथीची तारीख मात्र दरवर्षी मला कळवावी लागते.

आम्ही सोमेया झालो. कपडे रंगवणारे, म्हणून. मालक दोन दिवस पाटीकडे बघत बसले होते, तिसऱ्या दिवशी निळीच्या पिंपात हात घातला आणि विसरले.

आता माझं ऐका. ही नावं आपल्याला हौसेनं दिलेली नाहीत. नाव असलं की माणूस सापडतो, आणि सापडला की फौजेत नेता येतो. गल्लीत म्हणतात, पोरांचं रक्त काढून बाटल्यांत भरतात. ते खोटं असेल. पण न्यायला येतात हे खरं आहे. घराचा कर्ता आणि थोरला मुलगा यांना सूट आहे. धाकट्याला नाही. माझ्या धाकट्या तामेजिला पुढच्या वर्षी वीस पूर्ण होतील.

इथं लोक एक युक्ती करतात. धाकट्याला निपुत्रिकाच्या घरी दत्तक देतात, म्हणजे तो तिथला वारस होतो. कुणी बुडालेलं घर पुन्हा उभं करून त्याचा कर्ता होतं. तुमच्या घरात तुमचा मुलगा आहे, नातू आहे. तिथं जागा नाही. पण तुम्ही ज्या घराला नाव दिलंत, तिथं नाव आहे आणि माणूस नाही. माझ्याकडे माणूस आहे आणि त्याला घर नाही.

तुमचा चळ माझ्या मुलाच्या कामी येऊ दे.

नुइ

ओकुतानि, मेइजी वर्ष ८, शरद

नुइ,

मेपलनं रंग बदलला. तुमच्या मालकांना दाखवायला हवा होता, कुठल्याही पिंपातून असा तांबडा निघणार नाही.

तामेजि पोचला. पाटलांनी शिक्का दिला. आता तो सरकारदरबारी युकिशिरो तामेजि, ओढ्याच्या तोंडाशी असलेल्या घराचा कर्ता. अधिकारी अधूनमधून फिरतात, तेव्हा चुलीचा धूर दिसायला हवा आणि दारावर पाटी हवी, म्हणून आम्ही छपराचं गवत बदललं, चूल लिंपली. पाटी मी लिहिली. अक्षर अजून बरं आहे.

देवळातल्या भिक्षूंनी एकच अट घातली. ज्यानं नाव घ्यायचं त्यानं त्या घरच्या मृतांच्या पूजेच्या पाट्याही घ्यायच्या. इतकी वर्षं त्या देवळाच्या कोपऱ्यात पडून होत्या. मी म्हटलं, लाकडाच्या पाट्या त्या, पोराचं काय खाणार आहेत? तामेजिनं स्वतः त्या उचलून घरी नेल्या.

तू काळजी करू नकोस. मीही विचार केला आहे. ती माणसं गेली तेव्हा त्यांना आडनाव नव्हतं. युकिशिरो हे नाव त्यांनी कधी ऐकलेलं नाही. हा युकिशिरोंचा मुलगा आहे असं कुणी सांगितलं तरी ते म्हणतील, असेल कुणीतरी, आमचा नव्हे. कागदावरचं नाव कागदावरच राहील. बाईसाहेब, चार-पाच वर्षांत पोर परत तुमच्या निळीत.

बुन्झो

नीगाता, मेइजी वर्ष ९, उन्हाळ्याच्या तोंडाशी

दादा,

तामेजि नव्या वर्षाला येऊन गेला, हे तुम्हाला माहीत आहे. मी तेव्हा लिहिलं नाही. वाटलं, आपल्याच मनाचे खेळ असतील.

जेवायला बसला की आधी थोडा भात बाजूला काढायचा. मी म्हटलं, ही काय नवी रीत? म्हणाला, "तिकडे आधी त्यांना वाढतो ना, सवय झाली." पाट्यांपुढे वाट्या ठेवतो म्हणे. ठीक आहे, चांगली सवय. पण मी सहज विचारलं तेव्हा कळलं, पाट्या आहेत त्याहून एक वाटी जास्त ठेवतो. का, तर कमी पडते म्हणाला.

दादा, बर्फ वितळल्यावर सगळे सापडले आणि इतो सापडली नाही, म्हणून तिची पाटी कुणी केली नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. मी त्याला सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलंत का?

आठ दिवस राहायचं ठरलं होतं. चौथ्या दिवशी बोचकं बांधलं. मी म्हटलं, एवढी कसली घाई, तिकडे कोण बसलंय तुझ्यासाठी? चपला घालता घालता म्हणाला, "घरी वाट बघत असतील."

खरं काय ते लिहा. हवा नको.

नुइ

ओकुतानि, मेइजी वर्ष ९, पितरांचे दिवस सरल्यावर

नुइ,

इतोबद्दल मी त्याला काही सांगितलं नव्हतं. गावात कुणी सांगितलं असेल असं मी आधी धरून चाललो. मग एकेकाला विचारत गेलो. तिला पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत, आणि त्यांपैकी कुणी बोललेलं नाही.

आता ओबोनमध्ये, पितर घरी येतात त्या दिवसांत, काय झालं ते सांगतो. तू हवा नको म्हणालीस, पण त्या संध्याकाळी वारा अजिबात नव्हता, एवढं लिहू दे.

घरोघर दारात तागाच्या काड्यांचा जाळ केला होता, आपापल्या मृतांना वाट दिसावी म्हणून. तामेजिनंही केला. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडे केले. त्या दारात चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जाळ झालेला नव्हता, तेव्हा गावातली माणसं लांबून बघत होती. मी जवळ होतो. त्यानं हात जोडले आणि मोठ्यानं म्हटलं, "हे तुमचंच घर आहे. आता या घराचं आडनाव युकिशिरो. तुम्ही सगळे युकिशिरो. मी तुमचा तामेजि. या."

त्यानं त्यांना त्यांचं नाव सांगितलं, नुइ. मी ज्याच्या भरवशावर होतो तेच त्यानं मोडलं. आणि त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. घराचा कर्ता दारात उभा राहून आणखी काय म्हणणार?

जाळाचा धूर सरळ वर जाण्याऐवजी उंबऱ्यावरून आत गेला. वारा नव्हता.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी निरोपाचा जाळ केला. घोडे येण्यासाठी, म्हणजे ते लवकर पोचावेत. परतताना वांग्याचे बैल, म्हणजे सावकाश जावेत. तामेजिच्या दारात मात्र अंधार. मी जाऊन म्हटलं, अरे, काड्या संपल्या असतील तर माझ्याकडून ने. तो भात वाढत होता. वर न बघता म्हणाला, "मामा, एवढ्या वर्षांनी आलेत. तिसऱ्या दिवशी कसं जा म्हणू?"

मी आत बसलो. तो सगळ्यांना वाढत होता आणि खिडकीशी असलेल्या वाटीत मुळ्याचं लोणचं जास्त घालत होता. इतोला ते आवडायचं.

तो खुशाल आहे, तब्येत चांगली आहे. हसतो, काम करतो. कोळसा पाडायला शिकला. त्या घरचे लोकही कोळसाच पाडत.

बुन्झो

नीगाता, मेइजी वर्ष १२, शरद

दादा,

दोन वर्षांपूर्वी दक्षिणेत लढाई झाली तेव्हा गल्लीतली किती मुलं गेली आणि माझा डोंगरात सुरक्षित होता, म्हणून मी गप्प बसले. तो येईना तरी गप्प बसले. जिवंत आहे ना, मग असू दे.

आता गप्प बसता येत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पटकीची साथ आली आणि थोरला गेला. सकाळी पिंपावर उभा होता, संध्याकाळी गेला. हे मी तुम्हाला तारेनं कळवलंच होतं. मालकांच्या हाताला आता कंप आहे. कापड रंगात बुडवायची दोरी धरता येत नाही. सोमेया नावाच्या घरात आम्ही दोन म्हातारी उरलो. आम्ही गेलो की आमचंही ओढ्याकाठचं घर.

म्हणून मी स्वतः आले होते. तुम्ही देवळाच्या कामाला पलीकडच्या गावात गेला होतात. बरं झालं. तुम्ही असता तर काहीतरी गोड बोलून मला समजावलं असतंत.

दारात उभी राहून मी हाक मारली, तामेजि. आला. अंगानं भरलाय. वाकून नमस्कार केला, उंबऱ्याआड उभं राहूनच. म्हणाला, "सोमेयांच्या घरून आलात? या, दमला असाल."

मी म्हटलं, अरे, आई आहे मी. म्हणाला, "हो, माहीत आहे." ओळखलं होतं, दादा. सगळं ओळखलं होतं. थोरल्याचं सांगितलं तर रडला. पण चल म्हटल्यावर आत वळून बघितलं, घरात कुणाला विचारावं तसं. मग म्हणाला, "मी गेलो तर यांना पुन्हा कोण?"

आत मला तरी कुणी दिसलं नाही. पण उंबऱ्यावर माझा पाय पुढे पडला नाही. मुलाच्या घरी गेलेली आई मी, बाहेरूनच परत आले.

कायद्यानं कर्त्याला घर टाकून येता येत नाही, आणि हा मनानंही यायचा नाही. नाव तुम्ही दिलंत. खोडा. यादीतून काढा, पाट्या देवळात परत टाका, घर पाडा. मला माझा मुलगा हवा आहे.

नुइ

ओकुतानि, मेइजी वर्ष १२, पहिलं बर्फ

नुइ,

काल रात्री पहिलं बर्फ पडलं. क्षमा कर, सवय आहे.

नाव खोडण्याचा विचार मी केला. पाटलांकडे जाऊन आलो. खोडता येईल म्हणाले. कागदावर एक रेघ. मग मी ओढ्याकडे गेलो आणि तामेजिला म्हटलं, बाबा, असं असं आहे, तुझी आई रडते आहे. तो सगळं ऐकून म्हणाला, "आधी नाव नव्हतं तेव्हा त्यांना कळत नव्हतं की आपण कोण. आता कळलंय. आता काढून घेतलं तर कुठे जातील?"

नुइ, तूच सांग, कुठे जातील?

घर रिकामं ठेवता येत नाही आणि तामेजिलाही तिथं ठेवता येत नाही. उरलेली वाट एकच आहे, आणि ती मला फार जवळची दिसते. मी वसंतात तेराशिता घर मुलाच्या हाती देतो आणि निवृत्त होतो. मग ओढ्याच्या घरी दत्तक जातो, तामेजि मला कर्तेपण देतो, आणि मोकळा होतो. पाटील पोट धरून हसले. साठीला टेकलेला दत्तक मुलगा त्यांनी पाहिला नव्हता. म्हणाले, "मास्तर, फौजेला घाबरलात की काय?"

तामेजिला सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. पुन्हा आत बघितलं. मग म्हणाला, "मामा चालतील."

बुन्झो

नीगाता, मेइजी वर्ष १३, बर्फ वितळताना

दादा,

तामेजि परवा आला. दाराबाहेर थांबून राहिला. मालकांनी आतून ओरडून सांगितलं, सोमेयाच्या घरात सोमेया परवानगी मागत नाहीत. मग आत आला.

तुमचं पत्र मी पुनःपुन्हा वाचलं. आधी वाटलं, माझ्यासाठी केलंत. देवाला दिवा लावला. मग रात्रभर विचार केला आणि राग आला. मला खरं सांगा, माझ्यासाठी केलंत? की जन्मभर त्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरत होतात आणि आता कुणीतरी "चालतील" म्हणालं?

वहिनी तेराशितांच्या थडग्यात आहे. तिच्या शेजारची जागा तुमची होती. तुम्ही आता युकिशिरो, म्हणजे तुम्हाला ओढ्याकाठी ठेवतील. तिनं तीस वर्षं तुमचा भात रांधला, आणि तिच्या शेजारी कोण? तिला मी काय सांगू?

मुलगा मिळाला म्हणून तुमचे पाय धरायचे, की भाऊ गेला म्हणून रडायचं, ते ठरत नाही. दोन्ही करते.

एकच मागते. यंदा निरोपाचा जाळ करा. आलेल्यांना जाऊ द्या. बैल करा वांग्याचे.

नुइ

ओकुतानि, मेइजी वर्ष १३, पितरांचे दिवस सरल्यावर

नुइ,

तुझ्या वहिनीकडे मी जाऊन आलो. थडग्याशी गवत काढलं, पाणी घातलं. तुझा प्रश्न तिला वाचून दाखवला. ती जिवंतपणीही अशा वेळी काही बोलत नसे, ताट मात्र थोडं आपटायची. परत येताना देवळाची कौलं खडखडली. मला तेवढं पुरे झालं. तू विचारलंस त्याचं उत्तर तिला ठाऊक आहे, आणि तुलाही. मी लिहीत नाही.

हे घर लहान आहे, पण पाण्याचा आवाज सगळ्या खोल्यांत येतो. तामेजिनं चुलीशी माझ्यासाठी लाकूड रचून ठेवलं होतं. पहिल्या रात्री मी पाट्यांपुढे बसून सांगितलं, तुतीच्या वाटेनं रोज तुमच्या दारावरून शाळेत जाणारा तो बुन्झो, तो मी. आता तुमचा. कुणी हरकत घेतली नाही.

तू म्हणालीस तसं केलं. निरोपाचा जाळ केला, मोठा केला. चांगली जांभळी वांगी आणून बैल केले, घरातल्या प्रत्येकासाठी एक. दारात ओळीनं उभे केले. म्हटलं, सावकाश जा, पुढच्या वर्षी याच नावानं हाक मारीन. गाव लांबून बघत होतं, गेन्बेइसुद्धा होता.

सकाळी बैल ओढ्यात सोडायला बाहेर आलो. सगळे चिखलानं माखले होते, लांबून चालून आल्यासारखे, किंवा जायला निघाल्यासारखे. एक मात्र तसाच कोरडा. अंगावर दवसुद्धा नाही. तोंड घराकडे.

मी तो आत घेतला. खिडकीशी ठेवला आहे.

नुइ, यापुढे पाकिटावर तेराशिता लिहू नकोस. पत्र मुलाच्या घरी जातं, तिथून माझ्याकडे यायला उशीर लागतो.

बुन्झो

नीगाता, मेइजी वर्ष १३, शरद

युकिशिरो बुन्झो यांस,

लिहिलं. तीन वेळा कागद वाया गेला.

इकडे हवा चांगली आहे. तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते. तामेजिच्या हाताला निळा रंग चढला, कोपरापर्यंत. त्याला मुलगी बघतो आहोत. आता जेवताना तो भात बाजूला काढत नाही, मी काढते, थोरल्यासाठी. तो बघतो.

मागच्या आठवड्यात खूप वारा होता. तामेजि अंगणात कापड वाळत घालत होता, मध्येच थांबून डोंगराकडे वळला. म्हणाला, कुणीतरी हाक मारली. मी विचारलं, कुठल्या नावानं?

त्यानं सांगितलं नाही. मी जाऊन दार लावून घेतलं. आणि मोठ्यानं म्हटलं, तो इथं नाही राहत, त्या नावाचा माणूस ओढ्याकाठी आहे, तिकडे जा.

दादा, आले असतील तर पोचल्याचं कळवा. आणि तिला म्हणावं, मुळ्याचं लोणचं मी पाठवते आहे. तुम्हाला घालता येत नाही.

सोमेया नुइ